माने सुभेदारांची गिनती

गेल्या महिन्यात आम्ही घरचं वायरिंग नवं करून घेतलं. जाताना वायरमन म्हणाला, "कुठलं बटण कशाचं, तेवढ्या चिठ्ठ्या लावून घ्या साहेब." मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. कुठली गोष्ट कुठल्या विजेवर चालते हे लिहिण्याचाच मी सोळा वर्षं पगार घेतोय. रविवारी सकाळी स्टुलावर चढलो, चष्मा कपाळावर, तोंडात चिकटपट्टी, आणि एकेक चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लावली. संध्याकाळी अंगणातला दिवा बंद करायला म्हणून 'अंगण' लिहिलेलं बटण खाली ओढलं. अंगणातला दिवा तसाच राहिला आणि न्हाणीघरातून सासूबाईंची हाक आली. त्यांच्या डोक्याला शिकेकाई होती, आणि आत अंधार.

मी बटण परत वर ओढलं.  माझी बायको सुनीता म्हणाली, "कंपनीत पण असंच करता?"

"करतो की. पण तिथं माने सुभेदार होते."

हे बोललो आणि स्टुलावर चढून चिठ्ठ्या काढायला लागलो.

आमची कंपनी मलकापुरात, हायवेच्या कडेला, ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजच्या मागं. आम्ही गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी एक पेटी बनवतो. ती दुधाचं वजन घेते, फॅट मोजते, चिठ्ठी छापते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज टाकते. खेड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पेटी बॅटरीवर चालते. बॅटरी पुरायची तर पेटीतला जो भाग रिकामा बसलाय त्याला झोपवावं लागतं. आतल्या चिपमध्ये जणू खोल्याच असतात आणि प्रत्येक खोलीला आपला मेन स्विच. छपाई एका खोलीत, वजनकाटा दुसरीत, मेसेज पाठवणारा तिसरीत. कोण कुठल्या खोलीत राहतो आणि कुणाच्या विजेवर जगतो, हे एका फाईलमध्ये ओळीनं लिहून द्यायचं. ते माझं काम. पेटी चालू झाली की आधी ती फाईल वाचते आणि मग एक गोष्ट करते, जी पहिल्यांदा कळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ज्या खोलीवर फाईलमध्ये कुणीच हक्क सांगितलेला नाही, तिची वीज ती काही सेकंदांत तोडते. आतला भाग धडधाकट असला तरी तोडते. विचारत नाही, कळवत नाही.

या फाईलला बाकी जग काहीही म्हणो, आमच्याकडं तिचं नाव 'गिनती'. हे नाव माने सुभेदारांनी ठेवलेलं. फौजेत संध्याकाळी हजेरी होते तिला गिनती म्हणतात. "गिनतीत नाव न्हाई, तर लंगरात रोटी न्हाई," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू धा वर्सं तितं उबा ऱ्हा. नाव न्हाई म्हंजे तू न्हाईस."

सुभेदार कुंडलचे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये वायरलेसचे संच दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन आले आणि महिनाभरात आमच्या थोरल्या मालकांच्या दारात उभे राहिले. बायको वारली होती. मुलगाही फौजेत, कुठंतरी उत्तरेला, सूनबाई त्याच्यासोबत. कुंडलच्या घरात सुभेदार आणि एक मांजर. रोज मोटरसायकलवरून यायचे, गळ्याशी बटण लावलेला शर्ट, बुटात तोंड दिसावं असं पॉलिश. कुणालाही न भिणारा हा माणूस एका गोष्टीला मात्र भ्यायचा: घरी बसायला. गावच्या पारावर पेन्शनवाले बसतात, त्यांच्याविषयी ते बोलायचे तेव्हा आवाज खाली यायचा. "मेल्याली मान्सं हायत ती, जगताप. तिरडी मिळंना म्हनून बसल्यात. मला तितं बशीवलं तर म्या आठ दिस न्हाई काडायचो."

त्यांची विद्या बोटात होती. पेटी झोपली म्हणून पडद्यावर दिसायचं, मी खूश व्हायचो. सुभेदार झाकण उघडायचे आणि मधल्या बोटाचं पेर एकेका चिपवर टेकवून ऊब बघत जायचे, एखादी म्हातारी भाकरीचं पीठ बघते तसं. मग एकावर बोट थांबायचं. "ही बया जागी हाय. डोळं मिटून पडलीय नुसती." मी मीटर लावून तासभर शोधायचो आणि तीच बया सापडायची. तोवर सुभेदार माझ्या खुर्चीमागं उभे राहून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचे, "सापडली का रं? सावकाश. पगार महिन्याचा हाय."

मी हसायचो. हसणं हे माझं जुनं हत्यार आहे. दुसऱ्यानं मारायच्या आधी आपणच आपल्याला एक चापट मारून घ्यायची, म्हणजे त्याचा हात हलका पडतो. सुभेदारांचा पडत नसे.

नसीमा शिकलगार रहिमतपूरची. शिकून नुकतीच लागली होती. हुशार, पण भित्री. तिला पहिली गिनती लिहायला दिली, तर तिनं सगळ्याच खोल्या कायम चालू ठेवून टाकल्या. म्हणजे काहीच बंद पडायला नको. सुभेदारांनी ती वाचली आणि काही न बोलता तीच फाईल पेटीत भरली. म्हणाले, "ही पेटी तुज्या गावच्या डेअरीत लावू. तू सवता जा."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सुभेदार, बॅटरी निम्म्यात संपेल."

"म्हाईत हाय मला."

"मग तिला सांगू तरी."

"सांगटल्यालं कानात ऱ्हातं, गड्या. लाजल्यालं हाडात ऱ्हातं."

पहाटे डेअरीसमोर किटल्यांची रांग लागली होती. गावात वीज नव्हती. निम्मी रांग सरली आणि पेटीनं मान टाकली. चिठ्ठी अर्धी बाहेर, अर्धी आत. उरलेली माणसं दूध घेऊन ताटकळली, मग बोलायला लागली, आणि गावची माणसं बोलायला लागली की पोरगी कुणाची हे आधी काढतात. नसीमाचे अब्बा रांगेतच होते. घरच्या दोन म्हशींचं दूध घेऊन आलेले. ते किटली उचलून न बोलता घरी गेले. हे सगळं सुभेदार समोरच्या टपरीवर चहा पीत बघत होते. मीही होतो. माझा चहा त्यांनी सांगितला होता, आणि मी तो प्यालो.

त्यानंतर नसीमानं गिनतीत कधी चूक केली नाही. सुभेदार ही गोष्ट नव्या माणसाला अभिमानानं सांगायचे, नसीमा समोर असताना. ती मान खाली घालून काम करत राहायची.

पेटीपुरतं हे चाललं असतं. पण सुभेदारांना गिनतीचं वेड लागलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आम्हा सगळ्यांची नावं लिहायचे आणि विचारायचे, "गेल्या म्हैन्यात तुजं काम कुनाबिगर अडलं असतं?" ज्यानं ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं बाण. ज्याच्याकडं बाण नाही, त्याच्या नावाभोवती ते लाल पेनानं गोल काढायचे. थोरले मालक हे बघून हसायचे. त्यांना वाटायचं, शिस्त आहे.

सुतार अण्णा आमच्याकडं पेट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचे. वयानं सगळ्यांत मोठे, बोलायला सगळ्यांत कमी. एका सोमवारी त्यांच्याकडं एकही बाण गेला नाही.

"अन्नाचं नाव कुनी घ्येतलं?" सुभेदारांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "कुनी न्हाई. बगा अन्ना. तुमी आला न्हाईसा तरी पेटी चालती."

अण्णा हसले. त्यांना थट्टा वाटली असावी. सुभेदारांनी लाल गोल काढला, पेनाला टोपण लावलं, आणि गोल तसाच ठेवला. महिनाभर रोज सकाळी अण्णा त्या फळ्यासमोरून जायचे. आठवडाभर हसत गेले. नंतर बघायचं टाळायला लागले. मग एके दिवशी डबा खाऊन झाल्यावर डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि थोरल्या मालकांना म्हणाले, "डोळ्यास्नी दिसंना झालंय आता." त्यांच्या डोळ्यांना चांगलं दिसत होतं.

दोन महिन्यांनी गावोगावहून पेट्या परत यायला लागल्या. झोपायच्या, पण काही केल्या उठायच्या नाहीत. आम्ही गिनती दहादा तपासली. शेवटी नसीमा सुभेदारांना म्हणाली, "सर, अण्णा भरायच्या आधी प्रत्येक पेटी झोपवायचे आणि उठवायचे. पाच-सहा वेळा. उठायला कुरकुर करणारी पेटी बाजूला ठेवायचे, तुमच्या टेबलावर. तुम्ही ती दुरुस्त करत होता."

 सुभेदारांना त्या पेट्या आठवल्या असाव्यात. त्या टेबलावर कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग तवा तोंड का उगाडलं न्हाई त्यानी? मुक्यानं केल्यालं काम म्हंजे न केल्यालं काम."

मी म्हटलं, "अण्णांना परत बोलवू या. मी जातो हवं तर."

"नगो. एकदा खोली बंद केली ती बंद. न्हाईतर बाकीच्यास्नी वाटंल, सुभेदाराचं बंद खरं नसतंय."

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की सुभेदार पॅकिंगच्या टेबलाशी बसायचे आणि एकेक पेटी पाच-सहा वेळा झोपवून उठवायचे. अण्णांच्याच स्टुलावर. कुणी काही विचारलं तर खेकसायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. पण या कामासाठी फळ्यावर त्यांनी कधी कुणाकडं बाण काढला नाही, स्वतःकडंसुद्धा नाही.

आता माझं सांगतो, थोडक्यात. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. सोल्डरिंग आयर्नला हळदकुंकू, मीटरला झेंडूचा हार, आणि घरची माणसं बोलावलेली. मी सुनीताला आणि आमच्या मुलीला घेऊन गेलो होतो. मुलगी तेव्हा दहावीत. तिला मी फार मोठा इंजिनिअर वाटायचो. वर्गात तिच्या एकटीचेच वडील चिपबद्दल बोलायचे. ती सुभेदारांना म्हणाली, "आजोबा, बाबा इथं नक्की काय करतात?"

सुभेदारांनी पेढा तोंडात टाकला. "काय न्हाई बाळ. चुका करतो. म्या काडतो. त्येच्या चुका नसत्या तर मला घरी बसावं लागलं असतं. लय उपकार हायत त्येचे माज्यावर." मग सुनीताकडं वळून म्हणाले, "वैनी, दुसरीकडं ह्येला कोन ठेवनार न्हाई. म्या हाय तवर काळजी करू नगा."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. नसीमा हसली नाही आणि माझी मुलगी हसली नाही. घरी येताना मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला हसलात?" त्यानंतर तिनं माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी थोरल्या मालकांनी कारभार धाकट्याच्या हातात दिला. धाकटे बेंगळुरूला शिकून, नोकरी करून आलेले, बोलायला अतिशय गोड. त्यांनी नवी चिप आणली, नवी पेटी काढायची ठरवली, आणि माणसं कमी करायचीही. सगळ्यांना एकेक कागद दिला. वर छापलं होतं: ज्यांच्याशिवाय तुमचं काम थांबेल अशा दोन व्यक्तींची नावं लिहा. गोड आवाजात त्यांनी हेही सांगितलं की साठीपुढच्या माणसाला ठेवायचं असेल तर निदान दोघांच्या कागदावर त्याचं नाव हवं. साठीपुढचा माणूस आमच्याकडं एकच होता.

त्या दुपारी सुभेदार माझ्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढून बसले. एरवी ते कुणाच्या टेबलाशी बसत नसत, मागं उभे राहत. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"जगताप, त्यो कागद उद्या द्यायचाय न्हवं?"

"होय."

"माजं नाव टाक."

मी मीटरच्या वायरी गुंडाळत राहिलो.

"दुसऱ्या कुनाला सांगनार न्हाई म्या. तुला सांगतोय. पोरगं म्हनतंय हिकडं ये ऱ्हायला, पर त्येच्या क्वार्टरात म्या काय करू? आनि पारावर..." ते थांबले. चष्मा घातला. मग पुन्हा नेहमीचा आवाज आला. "इसरशील तू. तुजं डोस्कं म्हंजे चाळन. घरी गेल्या गेल्या लिव्ह."

मी कागद घरी नेला. दुसऱ्या दिवशी दिला. त्यावर दोन नावं होती, नसीमाचं आणि स्टोअरच्या मुजावरचं.

आठवड्यानं धाकट्या मालकांनी निकाल भिंतीवर लावला, त्याच पांढऱ्या फळ्याच्या शेजारी. सुभेदार समोर उभे राहिले. बोटाचं पेर एकेका ओळीवरून खाली नेत गेले. त्यांचं नाव एकाच माणसानं लिहिलं होतं, आणि तो माणूस म्हणजे नसीमा शिकलगार. पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं तिनं. ते बराच वेळ त्या ओळीपाशी थांबले. मग माझ्याकडं आले.

"इसरलास?"

"होय सुभेदार. विसरलो."

"वाटलंच मला."

मुजावर चिडून म्हणाला, "आवं सुभेदार, मुद्दाम केलं असंल ह्यानं."

"ह्यानं?" सुभेदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाई रं. तेवडा दम न्हाई ह्येच्यात."

महिनाअखेरीस ते गेले. निरोपाला नारळ, शाल, धाकट्यांचं गोड भाषण. नसीमा रडली, ते तिला म्हणाले, "रडू नगो, चिप भिजंल." माझ्याशी हात मिळवला. मी त्यांना धाकट्यांकडं जाऊन चूक दुरुस्त करतो म्हणालो नाही. ते म्हणाले असते तर गेलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

परवा सुनीताच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, पलूसला. येताना गाडी कुंडलवरून घेतली. गाडी सुनीता चालवत होती. पार दिसला आणि मी म्हटलं, थांब जरा.

पारावर पाच-सहा जण पत्ते खेळत होते. सुभेदार त्यांच्याकडं पाठ करून बसले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं आणि पायांत रबरी चप्पल. काठी बाजूला टेकवून उन्हात समोर बघत होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"जगताप व्हय? गाडी वैनी चालवत्यात? बरं हाय. ह्यो रस्ता इसरला असता."

मी हसलो. तब्येत विचारली. ती बरी नव्हती, दिसतच होतं.  मग त्यांनी विचारलं, "नवी पेटी झोपती का?"

"झोपते. उठताना कधीमधी अडकते. कळत नाही कुठं."

त्यांचं मधलं बोट उचललं गेलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. खरं सांगतो, मी थांबलो होतो तो त्यासाठीच. पण ते बोट त्यांनी मांडीवर परत ठेवलं आणि दुसऱ्या हातानं झाकून घेतलं.

"ऱ्हाऊ दे. त्ये आता माजं न्हाई."

पाठीमागून पत्तेवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, खेळता का? एक गडी कमी हाय." सुभेदार काठी घेऊन उठले.

आम्ही निघालो तेव्हा ते गाडीपर्यंत आले. सुनीताच्या खिडकीशी वाकून, एरवी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "वैनी, त्या कागदावरनं ह्येला काय बोलू नगा. म्या मनात ठेवल्यालं न्हाई. स्वभावच हाय त्येचा. इसरला बिचारा."

सुनीता म्हणाली, "येते मी. जपा."

पार मागं पडला. उसाच्या बैलगाड्या पुढं होत्या, त्यांच्या मागं आम्ही सावकाश चाललो होतो. मी म्हटलं, "बघ, मनात काही ठेवलं नाही त्यांनी. मलाच वाईट वाटतं. माझं हे विसरणं एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

सुनीतानं बैलगाडी ओलांडली, गिअर बदलला, आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "कागद भरताना तुम्ही मला विचारलं होतं, सुभेदार लिहू का नुसतं माने."